लाहोरचा उर्दू सिनेमा बघायचा, तर आधी कवी आणि संगीतकार शोधा

प्रश्न असा आला आहे: "‘रंजिश ही सही’ आणि ‘आज जाने की जिद न करो’ या रचना मूळच्या पाकिस्तानी सिनेमातल्या आहेत असं नुकतंच कळलं. मग तिथला उर्दू सिनेमा आपल्याकडे कुणाला माहीत कसा नाही? तो नुसती मुंबईची नक्कल होता का? बुडाला कशामुळे? आणि बघायचाच तर सुरुवात कुठून करू?"

हो, दोन्ही रचना सिनेमातल्याच. ‘रंजिश ही सही’ ही अहमद फराज यांची गझल. मेहदी हसन यांनी ती १९७२च्या ‘मोहब्बत’ या चित्रपटासाठी गायली आणि तिची चाल निसार बज्मींची. आपल्याकडे गझलेच्या मैफिलीत ती कुणीतरी गातंच, पण चाल बांधणारा माणूस जळगाव जिल्ह्यातल्या नशिराबादचा होता हे मी सांगते तेव्हा लोक चमकतात. बज्मी १९४०च्या दशकापासून मुंबईत संगीत देत होते. ‘खोज’मधलं (१९५३) रफींचं ‘चंदा का दिल टूट गया है’ त्यांचंच. पुढे ज्यांचं युग आलं ते लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल त्यांच्या वाद्यवृंदात वाजवत असत. इथे मोठं यश काही मिळालं नाही. १९६२ साली ते पाकिस्तानात गेले आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या सिनेसंगीताचा चेहराच त्यांनी बदलून टाकला.

दुसरी रचना फैयाज हाशमींची. कोलकात्यात असताना तलत महमूदच्या आवाजातलं ‘तस्वीर तेरी दिल मेरा बहला न सकेगी’ लिहिणारे हेच ते. ‘आज जाने की जिद न करो’ १९७३च्या ‘बादल और बिजली’मध्ये आली. संगीत सोहेल राणा यांचं, आवाज हबीब वली मोहम्मद यांचा. पुढे फरीदा खानम यांनी ती मैफिलीत अशी काही गायली की सिनेमा विस्मृतीत गेला आणि गाणं मात्र राहिलं.

मी व्यवसायाने सबटायटल्स लिहिते, त्यात जुन्या उर्दू सिनेमांचं काम बरंच. एकेक ओळ दहादहा वेळा ऐकावी लागत असल्याने कोणत्या सिनेमात जीव कुठे आहे ते कानाला लवकर समजतं. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. हा सिनेमा नट-नट्यांच्या नावावरून शोधायला गेलात तर चार चित्रपटांत कंटाळाल. कवी, संगीतकार आणि संवादलेखक यांच्या नावावरून शोधलात तर तो तुम्हाला सोडणार नाही. तो बुडाला कसा, याचं उत्तरही मला याच माणसांच्या मागे गेल्यावर मिळालं.

आता नक्कल. १९४७पूर्वी लाहोर आणि मुंबई हे दोन वेगळे सिनेमे नव्हतेच. माणसं इकडून तिकडे कामाला जात-येत असत. लाहोरला दलसुख पांचोली यांचा स्टुडिओ होता. तिथल्या ‘खजांची’ने (१९४१) मास्टर गुलाम हैदर यांचा पंजाबी ठेका देशभर पोहोचवला आणि ‘खानदान’मध्ये (१९४२) नूरजहाँ आणि प्राण नायक-नायिका म्हणून आले. हेच गुलाम हैदर मुंबईला आले आणि ‘मजबूर’मध्ये (१९४८) त्यांनी लता मंगेशकरांना ते गाणं दिलं, ज्यानंतर बाकीच्या संगीतकारांचे कान टवकारले. त्याआधी ‘बडी माँ’मध्ये (१९४५) मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनात नूरजहाँ आणि कोवळ्या वयातली लता एकत्र पडद्यावर दिसल्या होत्या.

पुण्याचं नातं तर आपणच विसरलो आहोत. डब्ल्यू. झेड. अहमद यांचा शालिमार स्टुडिओ पुण्यात होता. कृश्न चंदर, जोश मलिहाबादी, अख्तर उल-ईमान अशी उर्दूतली बडी मंडळी तिथे पगारावर होती. जोश यांनी ‘मन की जीत’ची (१९४४) गाणी लिहिली ती पुण्यात. एखाद्या चित्रपटसंस्थेने इतके कवी आणि कथाकार एका छताखाली ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही. फाळणीनंतर अहमद लाहोरला गेले. तिथे त्यांनी ‘रूही’ (१९५४) केला आणि सेन्सॉरने त्यावर बंदी घातली. पाकिस्तानात बंदी आलेला तो पहिला चित्रपट. मग ‘वादा’ (१९५७) आला, पण पुण्यातला तो जोम त्यांना पुन्हा सापडला नाही.

फाळणीने लाहोरचा स्टुडिओधंदा उघडा पडला होता. पांचोली मुंबईला आले, रूप शोरी आले. शोरींच्या स्टुडिओच्या जागी शौकत हुसेन रिझवी आणि नूरजहाँ यांचा शाहनूर स्टुडिओ उभा राहिला. ७ ऑगस्ट १९४८ला प्रदर्शित झालेला ‘तेरी याद’ हा पाकिस्तानचा पहिला बोलपट. नायक होता नासिर खान, म्हणजे दिलीपकुमार यांचा भाऊ. तोही लवकरच मुंबईला परतला.

या पडक्या धंद्यापुढे मुंबईच्या चित्रपटांची स्पर्धा होती. १९५४ साली गुरुदत्त यांचा ‘जाल’ आयात झाला तेव्हा लाहोरची सिनेमावाली मंडळी रस्त्यावर उतरली. डब्ल्यू. झेड. अहमद त्यात पुढे होते. आयातीवर बंधनं आली आणि १९६५च्या युद्धानंतर भारतीय चित्रपट तिथे पूर्ण बंद झाले. या बंदीने स्थानिक धंद्याला श्वास मिळाला हे खरं. पण प्रेक्षकांना मूळ चित्रपट बघायला मिळणार नाही म्हटल्यावर काही निर्मात्यांनी मुंबईच्या कथा सरळ उचलल्या, हेही खरं. नक्कल झाली, भरपूर झाली. पण एवढ्यावर शिक्का मारायचा तर उलटा हिशेबही मांडावा लागेल. मिर्झा रुसवांच्या कादंबरीवर हसन तारिक यांनी ‘उमराव जान अदा’ केला १९७२ साली. मुजफ्फर अली यांचा चित्रपट त्यानंतर नऊ वर्षांनी आला. राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘एक चादर मैली सी’वर संगीता यांनी ‘मुठ्ठी भर चावल’ दिग्दर्शित केला १९७८ साली आणि त्यातली मुख्य भूमिकाही केली. हिंदीत ती कथा आली १९८६ला. आणि पद्मिनी कोल्हापुरे यांचा गाजलेला ‘प्यार झुकता नहीं’ ज्या कथेवर बेतला, ती लाहोरच्या ‘आईना’ची.

हसन तारिक यांच्या ‘उमराव जान अदा’बद्दल थोडं अधिक बोलते. तुम्ही मुजफ्फर अलींचा चित्रपट पाहिलेला असेल, म्हणून तुलना होणारच. तो लखनौ डोळ्यांपुढे उभं करतो. हसन तारिक यांच्याकडे तेवढा पैसा नव्हता आणि लखनौही नव्हतं, सगळं लाहोरच्या स्टुडिओतल्या नेपथ्यात. पण त्यांच्याकडे राणी ही नटी होती. तिचा नाच, तिची चेहऱ्यावरची हुकमत, वर सैफुद्दीन सैफ यांचे शब्द आणि निसार बज्मींच्या चाली. रूना लैला तिच्यासाठी तरुण उमरावची गाणी गाते आणि शेवटचा मुजरा नूरजहाँच्या आवाजात येतो. ‘जो बचा था वो लुटाने के लिए आए हैं’. आवाज बदलतो आणि उमरावचं वय वाढलेलं, तिचं सोसणं वाढलेलं तुम्हाला एका क्षणात कळतं. संवादाची एकही ओळ न खर्चता केलेलं हे काम आहे, आणि ते संगीतकाराने केलेलं आहे.

संवादलेखकांत मला सगळ्यात वरचे वाटतात रियाज शाहिद. खलील कैसर यांच्या ‘शहीद’ (१९६२) आणि ‘फिरंगी’ (१९६४) यांमागे त्यांची लेखणी होती. साम्राज्यवादाविरुद्ध इतकं उघड बोलणारा लोकप्रिय सिनेमा त्या काळात, तोही लष्करी राजवटीत, धंद्याच्या चौकटीत राहून होत होता. ‘फिरंगी’साठी संगीतकार रशीद अत्रे यांनी फैज अहमद फैज यांची ‘गुलों में रंग भरे’ घेतली आणि ती मेहदी हसन यांची ओळख होऊन बसली. फैज यांनी ती तुरुंगात लिहिली होती. त्याआधी ‘कैदी’मध्ये (१९६२) अत्रे यांनीच नूरजहाँकडून ‘मुझसे पहली सी मोहब्बत’ गाऊन घेतली होती. सिनेमाच्या पडद्याने मंचावरच्या कवीला चहाच्या टपरीपर्यंत नेलं.

आणि मग ‘जर्का’ (१९६९). नीलो ही त्या काळची लोकप्रिय नटी. १९६५ साली इराणच्या शहासमोर नाचावं म्हणून तिच्यावर सरकारी सक्ती झाली आणि तिने नकार दिला. हबीब जालिब यांनी त्यावर कविता लिहिली. रियाज शाहिद यांनी नीलोशी लग्न केलं, पॅलेस्टाइनच्या लढ्यावर चित्रपट रचला आणि त्यात जालिब यांचे शब्द घेतले. साखळदंडात जखडलेली नीलो पडद्यावर नाचते, मागे मेहदी हसन ‘रक्स जंजीर पहन कर भी किया जाता है’ गातात. नकार देणाऱ्या बाईनेच ते दृश्य केलं आहे. कथा पॅलेस्टाइनची, पण हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं हे कुणाबद्दल चाललं आहे. कराचीत तो शंभर आठवडे चालला. या गाण्याची सबटायटल्स लिहिताना मी अर्थ देऊ शकते, त्यामागचा हा सगळा भार दोन ओळींत कसा देणार? म्हणून माझ्याकडे काम येतं तेव्हा मी आग्रह धरते की दाखवण्याआधी कुणीतरी पाच मिनिटं बोलावं.

कराचीबद्दल थोडक्यात. वहीद मुराद (निर्माता आणि नायक), परवेज मलिक (दिग्दर्शक, सिनेमाचं शिक्षण अमेरिकेत), सोहेल राणा (संगीत), मसरूर अन्वर (गीतं) ही चार तरुणांची टोळी. त्यांचा ‘अरमान’ (१९६६) पंचाहत्तर आठवडे चालणारा पहिला पाकिस्तानी चित्रपट ठरला. अहमद रुश्दी यांचं ‘को को कोरीना’ त्यातलंच. कथा आज जुनी वाटेल, उत्साह वाटणार नाही.

ढाक्याबद्दल मात्र थोडक्यात बोलता येणार नाही, कारण उर्दू सिनेमाची अर्धी ताकद तिथून आली आणि इतिहास सांगणारे बहुतेक जण ते एका वाक्यात उरकतात. १९५९ साली ए. जे. कारदार यांनी पूर्व बंगालच्या कोळ्यांवर ‘जागो हुआ सवेरा’ केला. माणिक बंदोपाध्याय यांच्या कादंबरीचा आधार, पटकथा आणि गीतं फैज यांची, छायाचित्रण वॉल्टर लॅसली यांचं, अभिनय तृप्ती मित्र यांचा. चित्रगृहात तो चालला नाही, पण मॉस्कोच्या महोत्सवात पदक मिळालं. त्यावर सहायक म्हणून काम केलेल्या जहीर रायहान यांनी पुढे ‘संगम’ (१९६४) केला, तो पाकिस्तानचा पहिला पूर्ण रंगीत चित्रपट. त्याआधी एहतेशाम यांच्या ‘चंदा’ने (१९६२) ढाक्याच्या उर्दू चित्रपटांची वाट मोकळी केली होती. शबनम, म्हणजे मूळची झरना बसाक, तिथून पुढे आली. ‘चकोरी’मधून (१९६७) नदीम आला. तो मुळात ढाक्याला गेला होता गायक व्हायला.

या चित्रपटांत नदी, पाऊस आणि मोकळी हवा आहे. लाहोरचा सिनेमा स्टुडिओत कोंडलेला असताना ढाका बाहेर पडला होता. रॉबिन घोष यांच्या चालींत बंगालचं लोकसंगीत आणि पाश्चात्त्य सुरावट इतकी सहज मिसळते की ऐकताना ठाव लागत नाही.

‘आईना’ (१९७७) कराचीत चारशेहून अधिक आठवडे चालला. पाकिस्तानातल्या या सर्वांत लोकप्रिय उर्दू चित्रपटाचे दिग्दर्शक नजरुल इस्लाम बंगाली, संगीतकार रॉबिन घोष बंगाली, नायिका शबनम बंगाली. आणि हे १९७१ होऊन गेल्यावर. ज्या भाषेच्या सक्तीवरून पूर्व बंगाल पेटला, त्या भाषेतला सर्वांत लाडका चित्रपट बंगाली माणसांनी दिला, तोही लाहोरमध्ये राहून. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं.

तर बुडाला कशामुळे? झटपट मिळणारं उत्तर म्हणजे जनरल झिया. ते खोटं नाही. १९७९च्या कायद्याने निर्मात्यांवर नोंदणी आणि पदवीची अट लादली, सेन्सॉर आवळलं, बायकांचे कपडे आणि नायक-नायिकेतलं अंतर मोजलं जाऊ लागलं. पण झिया आले तेव्हा पाया आधीच भुसभुशीत झाला होता. १९७१ला पूर्वेकडची सगळी बाजारपेठ गेली, ढाक्याचे स्टुडिओ गेले. रियाज शाहिद १९७२ला वारले. रूना लैला १९७४ला ढाक्याला गेली. अमृतसरचं दूरदर्शन केंद्र १९७३ला सुरू झालं आणि लाहोरच्या गच्च्यांवर अँटेना त्या दिशेने वळल्या. मग व्हीसीआर आला. ज्या मुंबईच्या चित्रपटांना कायद्याने अडवलं होतं ते थेट दिवाणखान्यात पोहोचले. शहरी कुटुंबं हाच उर्दू सिनेमाचा मुख्य आश्रयदाता, तोच घरी बसला.

थिएटरात उरला तो मुख्यतः पंजाबी बोलणारा कष्टकरी पुरुष, आणि ‘मौला जट’ने (१९७९) त्याला हवं ते दिलं. त्याच्या नायकाला, म्हणजे गंडासा (लांब दांड्याची कुऱ्हाड) घेतलेल्या सुलतान राहीला, नावं ठेवायची पद्धत आहे, त्यात मला सहभागी व्हायचं नाही. नासिर अदीब यांचे त्यातले संवाद अस्सल आहेत आणि सरकारला तो चित्रपट बंद करावासा वाटला यातच बरंच आलं. पण त्या यशानंतर पैसा एकाच साच्यात ओतला गेला. १९९६च्या जानेवारीत राहीची गोळ्या घालून हत्या झाली तेव्हा लाहोरच्या लक्ष्मी चौकातल्या आणि रॉयल पार्कातल्या चित्रपट-कचेऱ्यांकडे दुसरा साचा नव्हता.

तोवर गाणी रचणारे पांगले होते. वहीद मुराद १९८३ला गेला. सोहेल राणा टीव्हीवर मुलांना गाणी शिकवत होते, पुढे कॅनडाला गेले. बज्मी चित्रपटांपासून दूर झाले. शबनम आणि रॉबिन घोषही पुढे ढाक्याला परतले. चांगले लेखक टीव्ही मालिकांकडे वळले, म्हणूनच पाकिस्तानी मालिका आपण कौतुकाने बघतो. उर्दूची लेखणी आटली नव्हती, ती सिनेमातून उठून मालिकांत गेली होती. या काळात शमीम आरा आणि संगीता यांनी दिग्दर्शनाची धुरा वाहिली. ‘मिस हाँगकाँग’सारखे शमीम आरा यांचे चित्रपट समीक्षकांनी हसून उडवले. मी तसं करणार नाही. दिग्दर्शनात बायका क्वचितच दिसत अशा दिवसांत त्या चित्रपट पूर्ण करत होत्या, लोकांना रोजगार देत होत्या.

२००७च्या शोएब मन्सूर यांच्या ‘खुदा के लिये’पासून नवा अध्याय धरतात. त्याच सुमारास भारतीय चित्रपटांना परवानगी मिळाली, त्यांच्या तिकिटांवर मल्टिप्लेक्स उभे राहिले आणि तिथे नवे उर्दू चित्रपट लागू लागले. २०१९ला पुन्हा बंदी आली, पाठोपाठ करोना. तरी असीम अब्बासी यांचा ‘केक’ (२०१८) आणि कमाल खान यांचा ‘लाल कबूतर’ (२०१९) जरूर बघा. सरमद खूसट यांचा ‘जिंदगी तमाशा’ देशात प्रदर्शितच होऊ दिला गेला नाही, शेवटी २०२३ला त्यांनी तो यूट्यूबवर खुला केला. ही मंडळी टीव्ही आणि जाहिरातींतून आली आहेत, कॅमेऱ्यावर हुकमत आहे, बोलणं खरं आहे. कवी मात्र त्यांच्या जवळ बसलेला दिसत नाही आणि मला ती उणीव बोचते.

सुरुवातीला ‘अरमान’ घ्या, कारण तो हलका आहे. मग ‘उमराव जान अदा’, मग ‘आईना’. हे तीन रुचले तर ‘जर्का’ आणि ‘मुठ्ठी भर चावल’. ‘जागो हुआ सवेरा’ सगळ्यांत शेवटी. निर्माते नौमान तासीर यांचे पुत्र अंजुम तासीर यांनी तो दुरुस्त करून घेतला आणि २०१६ला तो फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी मुंबईच्या मामी महोत्सवातून तक्रारीनंतर तो काढण्यात आला. तृप्ती मित्रांचं काम असलेला, बंगाली कादंबरीवरचा चित्रपट मुंबईकरांना बघू दिला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

बाकीच्या चित्रपटांच्या निगेटिव्हची नीट राखण झालेली नाही. इंटरनेटवर मिळतात त्या बहुतेक जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून काढलेल्या प्रती. रंग उडालेले, कडा कापलेल्या, काही वेळा गाणीच गाळलेली. एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती उघडून लांबी ताडून बघा आणि सगळ्यांत लांब असेल ती घ्या. सुरुवातीची नामावली उर्दू लिपीत असते, वाचता येत नसेल तर चित्रपटाचं नाव घालून गीतकार आणि संगीतकार आधी शोधून घ्या. निसार बज्मी, रशीद अत्रे, ख्वाजा खुर्शीद अन्वर, रॉबिन घोष, सोहेल राणा यांपैकी एक नाव दिसलं तर प्रत कितीही खराब असो, बसून बघा.